काउन्सेलरकडे जावंसं वाटतंय पण पाय उचलत नाही? नाशिकच्या कॉलेजातली मुलंमुली नेहमी विचारतात ते प्रश्न

मी नाशिकमध्ये कॉलेजच्या मुलामुलींची काउन्सेलर म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत सिडको, पंचवटी, नाशिकरोडची मुलं आहेत, तशीच सुरगाणा, पेठ, कळवण, चांदवडहून येऊन हॉस्टेलवर किंवा कॉट बेसिसवर राहणारीही आहेत. बरेच जण आत यायच्या आधी दोन-तीन वेळा दारावरून नुसतेच पुढे निघून जातात, मला खिडकीतून दिसतं ते. आत आल्यावर जे विचारतात, आणि जे विचारायचं धाडस न झाल्यामुळे परत जातात, ते सगळं इथे लिहितेय. यात कुणा एकाची गोष्ट नाही, गावं आणि बाकीचे तपशील मुद्दाम बदललेत.

मॅडम, माझं एवढं काही सिरीयस नाहीये, तरी येऊ का?

या. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच, "एवढं काही नाहीये". आणि त्यानंतर जे बाहेर येतं ते कधी खरंच छोटं असतं, रूम पार्टनरशी बोलणं बंद झालंय वगैरे, आणि कधी कळतं की हा मुलगा दीड महिना झाला पहाटे साडेतीनला उठून बसतोय, मेसचा डबा तसाच परत जातोय आणि घरी फोनवर मात्र "हो जेवलो" म्हणतोय. दोघांचं सुरुवातीचं वाक्य सारखंच होतं. म्हणून किती सिरीयस आहे ते तुम्ही ठरवून येऊ नका, ते बघणं माझं काम आहे.

आपल्याकडे एक सवय आहे, दात पार ठणकायला लागल्याशिवाय डॉक्टरकडे जायचं नाही. मनाच्या बाबतीत तर ती जास्तच. पण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आलेल्या मुलीबरोबर तीन-चार भेटींत जे होतं, तेच सहा महिन्यांनी आलेल्या मुलीबरोबर फार अवघड होऊन बसतं, कारण तोपर्यंत अटेंडन्स गेलेला असतो, सबमिशन राहिलेलं असतं, मैत्रिणी लांब गेलेल्या असतात आणि मूळ त्रासाबरोबर हे सगळंही निस्तरायचं असतं.

साधारण खूण सांगते. दोन आठवडे झाले तरी जवळजवळ रोज उदास वाटतंय, किंवा आधी ज्यात मजा यायची त्यात काहीच वाटत नाही, झोप-भूक बिघडलीय, पुस्तक उघडून तेच पान तासभर समोर आहे, तर थांबू नका. आणि दोन आठवडे झाले नसले तरी या, मी काही कॅलेंडर बघून आत घेत नाही.

काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिस्ट, सगळं एकच ना?

नाही. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात शिकलेले डॉक्टर, औषध तेच लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे मानसशास्त्रातलं खास प्रशिक्षण घेतलेले असतात, टेस्टिंग आणि थेरपी करतात, आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे लागते. काउन्सेलर बहुतेक मानसशास्त्रात किंवा सोशल वर्कमध्ये एमए, एमएसडब्ल्यू करून समुपदेशनाचं शिक्षण घेतलेले असतात. आम्ही गोळ्या देत नाही, देऊच शकत नाही.

समोरच्या माणसाला "तुमचं शिक्षण काय" हे बिनधास्त विचारा. विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे परत जाऊ नका. आजकाल दोन दिवसांचा कोर्स करून इन्स्टावर स्वतःला माइंड कोच म्हणवणारेही खूप झालेत, पैसे पण भरपूर घेतात, तेव्हा हे विचारणं गरजेचंच आहे.

आत गेल्यावर नक्की होतं काय? सल्ला देता का?

साधारण पाऊण तास बसतो. दोन खुर्च्या, पाण्याची बाटली, दार लावलेलं. पहिल्या वेळी मी आधी सांगते की इथलं बोलणं कुठे जातं आणि कुठे जात नाही, मग तुम्ही बोलता. सुचलं नाही तर मी साधे प्रश्न विचारते, झोप कशी आहे, जेवण काय चाललंय, घरी कोण कोण असतं. कधी नऊ प्रश्नांचा एक फॉर्म देते, पीएचक्यू-९ म्हणतात त्याला, त्यावरून उदासीची तीव्रता साधारण कळते. ती परीक्षा नाही, त्यात पास-नापास होत नाही.

सल्ला म्हणाल तर "तू असं कर" मी फार कमी वेळा म्हणते. "पॉझिटिव्ह विचार कर", "सकाळी लवकर उठ", "मेडिटेशन कर" हे तुम्हाला काका, मामा, क्लासचे सर सगळ्यांनी सांगून झालेलं असतं. इथे आपण गुंता सोडवतो, कुठलं टोक कुठे अडकलंय ते दोघं मिळून बघतो. काही गोष्टी शिकवतेही. डोक्यात तोच तोच विचार फिरत राहिला की त्याला लिहून कसं पकडायचं, पेपरच्या आधी हातपाय गार पडले तर श्वास कसा घ्यायचा, घरच्यांशी एखादा अवघड विषय काढायचा असेल तर पहिलं वाक्य काय बोलायचं. हे शेवटचं तर आम्ही अक्षरशः प्रॅक्टिस करतो, मी तुमची आई होते आणि तुम्ही मला सांगायचं की ब्रांच बदलायची आहे.

मी बोलेन ते घरी किंवा एचओडी सरांना कळेल का?

हा प्रश्न विचारताना मुलं आवाज खाली करतात, म्हणून नीट सांगते.

नाही कळणार. मेंटल हेल्थकेअर अॅक्ट २०१७ मध्ये आला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला, त्याच्या कलम २३ मध्ये मानसिक उपचारांबद्दलची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क लिहिलेला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आमच्या कामाचा पायाच तो आहे. तुमचं नाव प्रिन्सिपलकडे जात नाही, रिझल्टवर, टीसीवर, प्लेसमेंटच्या कागदावर कुठेही येत नाही. एचओडींनी विचारलं "तो मुलगा तुमच्याकडे येतो का", तर माझं उत्तर ठरलेलं असतं, "सर, मी कोण येतं ते सांगत नाही." एक-दोनदा यावरून वाद पण झालेत आणि मी मागे हटलेले नाही.

पण अपवाद आहेत आणि ते आधीच सांगणं माझं कर्तव्य आहे. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर मी गप्प बसणार नाही. कोर्टाने मागितलं तर द्यावं लागतं. आणि वय १८ च्या आत असेल, अकरावी-बारावीची तर असतातच पण एफवायचीही काही मुलं सतराची असतात, आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट समोर आली तर पॉक्सो कायद्याप्रमाणे ती कळवणं बंधनकारक आहे. यातलं काहीही करायची वेळ आली तर शक्यतो आधी तुम्हाला सांगूनच करते, कुणाला कळवायचं, काय शब्दांत कळवायचं, हे आपण बसून ठरवतो. आईला सांगायचं की मोठ्या ताईला, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

कुणी मला तुमच्या केबिनमध्ये जाताना बघितलं तर?

बघतील कदाचित. नाशिक कितीही वाढलं तरी कॉलेज रोडवर एका चहाच्या टपरीवर उभं राहिलं की दहा मिनिटांत ओळखीचं कुणीतरी भेटतंच. पण केबिनमध्ये मुलं स्कॉलरशिपची चौकशी करायला, करिअरचं विचारायला, फॉर्मवर सही घ्यायलाही येतात, त्यामुळे कोण कशाला आलंय ते बाहेरून कळत नाही. तरी नको वाटत असेल तर लेक्चर चालू असतानाची वेळ मागून घ्या किंवा फोनवर बोला.

फी किती?

कॅम्पसवर काही नाही.

घरी आम्ही अहिराणी बोलतो, मला नीट मराठी जमत नाही, इंग्लिश तर नाहीच

मग अहिराणीत बोला. मालेगाव, सटाण्याकडची मुलं सुरुवातीला एकदम पुस्तकी मराठी बोलायला बघतात, वाक्य जुळवण्यातच सगळी शक्ती जाते आणि जे सांगायचं ते राहूनच जातं. पेठ-सुरगाण्याकडची कोकणा बोलणारी मुलंही तशीच. माझी अहिराणी काही फार चांगली नाही पण समजते, अडलं तर विचारते. माणूस रडतो घरच्या भाषेत, त्यामुळे शुद्ध-अशुद्धचा विचार दाराबाहेर ठेवा. "डिप्रेशन", "अँक्झायटी" असे शब्द यायला पाहिजेत असं तर अजिबात नाही. "मन लागत नाही", "जीव घाबरा होतो", "डोकं भणभणतं", "कशातच राम नाही" हे मला पुरतं.

घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी झालंय, भगताकडे जाऊ

घरच्यांशी यावरून भांडू नका. त्यांना तुमची काळजी आहे आणि त्यांना माहीत असलेला रस्ता तो आहे. अंगारा लावला, देवाला नारळ फोडला, त्याने मनाला आधार मिळत असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण मारझोड, चटके, उपाशी ठेवणं, कोंडून ठेवणं, भरमसाट पैसे, किंवा "डॉक्टरच्या गोळ्या बंद करा" असं कुणी म्हणत असेल तर तिथे थांबायचं. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, अशा अघोरी प्रकारांवर गुन्हा दाखल होतो. बऱ्याच घरांत मी असं सांगते की देवाचंही करा आणि डॉक्टरांचंही करा, दोन्ही चालू द्या. मग आई-वडील ऐकतात. पोरगी झोपायला लागली, जेवायला लागली की बाकीचं आपोआप मिटतं.

गावाकडे द्राक्षाची बाग गेली, घरी टेन्शन आहे, माझं अभ्यासात लक्षच लागत नाही. यात काउन्सेलर काय करणार?

हा प्रश्न नाशिकमध्ये दरवर्षी येतो. निफाड, दिंडोरीकडची मुलं. अवकाळी पाऊस झाला, गारपीट झाली, मणी तडकले, व्यापारी फिरकला नाही, आणि छाटणीपासून घातलेला सगळा खर्च अंगावर. किंवा लासलगावला कांद्याचा भाव पडलाय आणि वडील फोनवर नेहमीपेक्षा कमी बोलतायत. मुलगा इकडे हॉस्टेलवर बसून रात्रभर मोबाइलवर हवामान बघतो. मेसचे पैसे द्यायचेत ते मागायची हिंमत होत नाही. मग एक वेळचं जेवण बंद करतो, वर्गात डोकं जड, मार्क घसरतात, आणि स्वतःलाच म्हणतो बाप तिकडे राबतोय आणि मी इकडे नापास होतोय.

मी पाऊस थांबवू शकत नाही आणि कर्जही फेडू शकत नाही, हे मी त्यांना सरळ सांगते. पण दोन गोष्टी होतात. एक म्हणजे ती अपराधीपणाची गाठ सैल करता येते, एकट्याच्या डोक्यात ती फुगत जाते. दुसरी, पैशाच्या बाजूने जे हलवता येईल ते हलवायचं. फीचे हप्ते करून मिळतात का, महाडीबीटीवरची (सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाइटवरची) स्कॉलरशिप कुठे अडकलीय, आधार बँकेला लिंक नाही म्हणून का आणखी कशाने, आदिवासी विभागाच्या हॉस्टेलला जागा मिळाली नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेत बसतोय का, कमवा आणि शिकामध्ये काम आहे का. यासाठी मी ऑफिसमधल्या क्लार्कदादांच्या टेबलाशी स्वतः जाऊन उभी राहते. काही जण म्हणतात हे काउन्सेलरचं काम नाही. माझं मत स्पष्ट आहे, ज्याच्या पोटात अन्न नाही त्याला श्वासाचे व्यायाम शिकवून काही होत नाही.

आणि वडिलांची काळजी वाटत असेल, त्यांचं बोलणं निरवानिरवीचं वाटत असेल, तर तेही मला सांगा. त्यांच्यासाठीही मदत आहे, खाली नंबर दिलाय तो फक्त विद्यार्थ्यांचा नाही.

केटी लागल्यात (विषय राहिलेत) / नीटचा दुसरा ड्रॉप आहे / एमपीएससीचं वय चाललंय

तिन्हीत त्रासाचं मूळ बरंचसं सारखं असतं. बरोबरचे पुढे गेले आणि मी तिथेच. अभ्यासिकेत बारा-बारा तास बसणारी मुलं बघते मी, त्यातले किती तास खरंच अभ्यास होतो ते त्यांना पण माहीत असतं पण उठायची भीती वाटते, उठलो तर लोक काय म्हणतील. इथे आपण आधी झोप लावतो. मग आठवड्याचा असा प्लॅन करतो जो खरंच पाळता येईल. आणि दुसरा मार्ग कागदावर लिहून ठेवतो, नुसता लिहून ठेवला तरी पेपरच्या वेळची भीती कमी होते कारण हा पेपर गेला तर सगळंच संपलं असं उरत नाही.

एक वेगळी गोष्ट. काही मुलं मनापासून अभ्यास करूनही लिहिताना गडबडतात, स्पेलिंग, आकडे उलटसुलट होतात, आणि लहानपणापासून "आळशी" म्हणून ऐकत आलेली असतात. त्यातल्या काहींना अध्ययन अक्षमता असते आणि ती डिग्रीला येईपर्यंत कुणी ओळखलेलीच नसते. ती दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये येते, तपासणी होऊन सर्टिफिकेट मिळालं तर परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती मिळू शकतात. तसा संशय असेल तर विचारा, लाजू नका.

अचानक छातीत धडधडतं, श्वास अडकतो, वाटतं आता मी मरणार. हार्ट अॅटॅक आहे का?

पहिल्यांदा झालं असेल तर डॉक्टरांना दाखवाच, ईसीजी काढा, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासा. सगळं नॉर्मल आलं आणि तरी होत राहिलं तर तो पॅनिक अॅटॅक असायची शक्यता जास्त. तो साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरतो. त्या वेळी श्वास हळू बाहेर सोडायचा, आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे आणि आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं मनात घ्यायची. मग भेटा, कारण खरा त्रास पुढे सुरू होतो. परत होईल या भीतीने मुलं बसमध्ये चढणं सोडतात, लॅबला जाणं सोडतात, आणि जग छोटं छोटं होत जातं. यावर थेरपीचा चांगला उपयोग होतो.

गोळ्या चालू केल्या की आयुष्यभर घ्याव्या लागतात ना? सवय लागते ना?

सगळ्यांना गोळ्या लागतच नाहीत, माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचं नुसत्या बोलण्यावर भागतं. ज्यांना लागतात त्यांना मी सायकियाट्रिस्टकडे पाठवते. उदासीवरची नेहमीची औषधं दारू-तंबाखूसारखी चटक लावत नाहीत, पण त्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात, आणि मुलं दहा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडून देतात. तसंच बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायच्या नाहीत, चक्कर, बेचैनी होते, डॉक्टर हळूहळू कमी करून देतात. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र खरंच सवय लागू शकते, म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने किंवा मित्राच्या चिठ्ठीवर घेऊ नका.

खाजगीत परवडत नसेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलला जा, मानसोपचार विभाग आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. रांग असते, सकाळी लवकर गेलेलं बरं. एकटं जायला भीती वाटत असेल तर सांगा, सोबत कुणीतरी पाठवते.

कधी कधी वाटतं की नकोच हे सगळं. जगावंसंच वाटत नाही. हे सांगितलं तर तुम्ही काय कराल?

आधी ऐकेन. घाबरून ओरडणार नाही, "असं बोलू नये" म्हणणार नाही, लगेच घरी फोनही लावणार नाही. असा विचार मनात येतो म्हणजे तुम्ही वाईट किंवा कमजोर नाही आहात, दुखणं सहन होण्यापलीकडे गेलं की तो येतो, आणि दुखणं कमी झालं की तो मागे पडतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय, एकदा नाही, खूप वेळा. जी मुलगी माझ्यासमोर बसून म्हणाली होती की पुढचा महिना दिसतच नाही, ती नंतर पेढे घेऊन आली.

मग मी सरळ विचारेन, नुसता विचार येतो की काही ठरवलंय. विचारल्याने तो विचार वाढतो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं. मग आपण एका कागदावर लिहितो की असं व्हायला लागलं की आधी काय कळतं, तेव्हा काय केलं तर जरा उतरतं, कुणाला फोन करायचा, कुठे जाऊन बसायचं. तो कागद तुमच्याकडे राहतो. धोका जास्त वाटला तर तुम्हाला एकटं सोडणार नाही आणि घरच्या ज्या माणसावर तुमचा विश्वास आहे त्याला सोबत घेऊ.

आत्ता, हे वाचताना, तसं वाटत असेल तर माझी अपॉइंटमेंट मिळेपर्यंत थांबू नका. टेली मानसचा १४४१६ हा नंबर लावा. केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. लगेच धोका असेल तर ११२ लावा किंवा जवळच्या कुणालाही उठवा, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. रूम पार्टनर चिडणार नाही, आणि चिडला तरी चालेल.

पोलीस केसची भीती असते बऱ्याच घरांत. मेंटल हेल्थकेअर अॅक्टच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं, आणि त्यासाठी तिला शिक्षा करायची नसते. उलट तिला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. म्हणून दवाखान्यात न्यायला एक मिनिटही उशीर करू नका.

माझा मित्र असं बोलतोय पण कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातलीय

शपथ मोडा. मैत्री राहील न राहील, तो राहू दे. त्याला सांगून मोडलं तर आणखी चांगलं, "मला हे एकट्याला झेपत नाही, चल मी सोबत येतो". तोवर त्याला एकटं सोडू नका आणि त्याचं दुःख तोलू नका, "इतरांचं बघ किती वाईट आहे" हे वाक्य त्याला आणखी खोल ढकलतं. कुणी स्टेटसला निरोपाचं काही टाकलं, आवडत्या वस्तू वाटायला लागलं, किंवा खूप दिवस बेचैन असणारा अचानक शांत झाला, तर लगेच विचारा. आणि ऐकून तुमचीही झोप गेली असेल तर तुम्हीही येऊन बोला, त्याच्याबरोबर तुमचीही जागा आहे इथे.

रॅगिंग होतंय / सर नको ते मेसेज करतात

हे तुमच्या मनाचं दुखणं नाही, हा समोरच्याचा गुन्हा आहे, त्यामुळे नुसतं काउन्सेलिंग करून ते मिटवायचं नसतं. रॅगिंगसाठी यूजीसीची २००९ ची नियमावली आहे आणि १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन. लैंगिक छळासाठी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत समिती असावीच लागते, तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, म्हणून फार थांबू नका. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रार लिहायला मी बसेन सोबत, पण द्यायची की नाही ते तुम्ही ठरवायचं.

ब्रेकअप झालंय, यासाठी आलं तर हसाल का?

नाही हसणार. या.

आधी एका काउन्सेलरकडे गेलो होतो, त्यांनी लेक्चरच दिलं. परत कुठे जायची इच्छा नाही

मला याचं खूप वाईट वाटतं आणि ते खोटं आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. मी स्वतः कॉलेजात असताना एकदा मोठ्या हिमतीने गेले होते, समोरच्या बाई माझं बोलणं चालू असताना रजिस्टर लिहीत होत्या आणि शेवटी म्हणाल्या, "तुमच्या वयात असं होतं". मी पुढची दोन वर्षं कुणाकडे गेले नाही. त्या दोन वर्षांची भरपाई कशानेच होत नाही. म्हणून सांगते, माणूस बदला पण मदत सोडू नका. आपल्याला जमेल असा माणूस पहिल्या फटक्यात मिळेलच असं नसतं, दोन-तीन भेटींत मोकळं वाटलं नाही तर स्पष्ट सांगा, मला सांगितलं तरी मी रागावत नाही, दुसऱ्या कुणाचं तरी नाव देते.

आमच्या कॉलेजात काउन्सेलरच नाही. बोर्डावर नाव आहे पण माणूस दिसत नाही

मग मागा. सुप्रीम कोर्टाने २५ जुलै २०२५ ला, विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरातल्या शिक्षणसंस्था आणि कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात म्हटलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमायचा, त्याहून कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं, आणि टेली मानससारखे नंबर हॉस्टेल, वर्ग, वेबसाइटवर ठळक लावायचे. क्लासेसही यात येतात हे लक्षात ठेवा. चार-पाच जणांनी सह्या करून अर्ज द्या, पोच घ्या. शनिवारी दोन तास येणारा माणूस हजारो मुलांना पुरत नाही, हेही लिहा अर्जात, मी तुमच्यासोबत आहे.

मी पालक आहे. मुलगी काही बोलत नाही, तुम्ही तिला समजवाल का?

काका, काकू, तिला समजवायच्या आधी तिचं ऐकून घेऊ. तिला "तुला मॅडमकडे नेतो" असं धमकीसारखं सांगू नका, आणि फसवून तर अजिबात आणू नका, फसवून आणलेलं मूल तोंड उघडत नाही. तुम्ही आधी स्वतः येऊन बोलू शकता. तिने मला काय सांगितलं ते मी तुम्हाला सांगणार नाही, याचा राग येतो हे मला कळतं, पण तिला ती खात्री नसेल तर ती मलाही सांगणार नाही आणि मग आपल्या दोघांकडेही काहीच राहणार नाही. घरी एवढं करा, फोनवर पहिला प्रश्न मार्कांचा नको. जेवलीस का, रूमवर पाणी येतं का, मैत्रीण कशी आहे, असं काहीतरी. आणि ती बोललीच तर मध्ये उपाय सुचवू नका, शेवटपर्यंत ऐका.

मी शिक्षक आहे, मला कसं कळणार?

तुम्हालाच आधी कळतं. पुढच्या बाकावरचा मागे गेला, प्रॅक्टिकल चुकवायला लागला, अंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष दिसतंय. वर्गासमोर विचारू नका, बाजूला घेऊन "बरेच दिवस तू नेहमीसारखा दिसत नाहीयेस, बरं आहे ना" एवढंच म्हणा. आणि माझ्याकडे पाठवताना नुसती चिठ्ठी देऊ नका, जमलं तर दारापर्यंत सोबत या. चिठ्ठी दिलेली मुलं फार कमी येतात, सोबत आणलेली जवळजवळ सगळी आत येतात, हा माझा अनुभव.

दिवसभर हे ऐकून तुम्हाला त्रास होत नाही का?

होतो. काही दिवस घरी जाताना गाडी सोमेश्वरला थांबवून थोडा वेळ नदीकडे बघत बसते. पण आमच्यासाठीही सोय असते, मी दर पंधरा दिवसांनी एका सीनियर थेरपिस्टकडे बसते, माझ्या केसेसबद्दल नावं न घेता बोलते, माझं काही चुकतंय का ते विचारते. गरज वाटली तेव्हा स्वतःसाठी थेरपीही घेतलीय. तेव्हा "मॅडमला आधीच एवढं काम, माझं कशाला सांगू" असं मनात आणून परत जाऊ नका, हे पण ऐकलंय मी.

किती वेळा यावं लागतं?

कुणाचं एका भेटीत होतं, बहुतेकांचं चार ते आठ. कधीही थांबता येतं आणि थांबून परतही येता येतं, वर्षभराने आलात तरी पहिल्यापासून सांगावं लागत नाही, नोंदी असतात.

पहिल्यांदा येताना मैत्रिणीला आणलं तर चालेल? आणि मी सुरुवात काय करू?

चालेल. ती आत बसू शकते किंवा बाहेर बाकड्यावर, तुम्ही सांगाल तसं. मधेच तुम्हाला वाटलं तिने बाहेर जावं तर मला नुसती मान हलवून खूण करा, मी तिला सांगेन, तुम्हाला वाईटपणा नको. सुरुवातीला "मॅडम, काय बोलू कळत नाहीये" एवढं म्हटलं तरी पुरे, बरीच मुलं तसंच म्हणतात आणि मग मी विचारते की आज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय वाटलं. दुपारी दोन ते चारला गर्दी कमी असते. दार लावलेलं दिसलं तर आत कुणीतरी बोलतंय, बाकड्यावर बसा, मी पाचेक मिनिटांत डोकावून बघते.